लंबा पंख, लंबं नाव

“सात नंबरवर काय ठेवलं गा, लच्छूभाऊ? बोलू नको, निस्ती मान हालव.”

खिडकीच्या गजांना चार तोंडं चिकटली होती. लच्छूनं हातातला फडका झटकला.

“वाघ ठेवला. म्या मान हालवली त त्यो तुमच्याकडं पाह्यंन.”

“मिशा हायेत का त्याले?”

“हायेत ना. तुमालेच फुटाच्या हायेत अजून. पळा इथून!”

पोरं हसत पळाली. लच्छूही हसला, पण मनातून जरा दचकला. सात नंबरच्या बरणीतल्या जिवाला खरंच मिशा होत्या. तोंडाभोवती चार जोड्या, पाण्यात वाट चाचपडणाऱ्या.

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा दिवस होता. शहाण्णवचा फेब्रुवारी. कॉलेजच्या मागच्या पडीत पळस असा पेटला होता की प्रयोगशाळेच्या पांढऱ्या भिंतीवर सकाळच्या उन्हासोबत केशरी झाक उतरली होती. टेबलावर दहा बरण्या ओळीनं मांडून लच्छू त्यांच्या लेबलांवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या लावत होता. पोरांनी नुसता प्राणी बघून नाव लिहायचं.

अठरा वर्षं तो या प्रयोगशाळेत परिचर होता. जन्म ढिवराच्या घरचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं तळं. नोकरी लागली तेव्हा खांद्यावरचं जाळं उतरलं आणि फडका आला, एवढाच काय तो फरक. बोरकुटे सर मुळात वनस्पतीशास्त्राचे. प्राणिशास्त्राची जागा कधी भरलीच गेली नाही, म्हणून तेही तेच शिकवायचे, पण पुस्तकातून. गळ्यात तुळशीची माळ, मासोळीचं नाव काढलं तरी तोंड कडू व्हायचं. बरण्यांकडं ते पाठ करून उभे राहत आणि म्हणत, “लच्छू, दाखव रे यांना.” त्यामुळं प्रयोगशाळेतली सगळी जित्राबं, मेलेली आणि जिवंत, लच्छूच्या हवाली होती.

बेडूक लागले की तो पहाटे तळ्यावर जायचा. पाण्यात पाय टाकण्याआधी ओंजळभर पाणी घेऊन सांगायचा, “पाच पायजेत, माय. पोराईच्या परीक्षेसाठी.” पाच म्हणजे पाच. सहावा आपल्या पायानं टोपलीत आला तरी परत सोडायचा. ढिवराचं हे जुनं बोलणं. जाळं टाकण्याआधी पाण्याला खरं सांगायचं, किती जीव नेतो आणि कशासाठी. त्याची लहानगी लेक भाग्यश्री काठावर उभी राहून विचारायची, “खोटं सांगतलं त काय होते, बाबा?” तो म्हणायचा, “काई नाई होत. फकत मंग पान्यात तोंड पाहाले बरं वाटत नाई.”

दाराआडून सरांचे तास ऐकून ऐकून त्याला सगळं पाठ झालं होतं. पण त्याच्या ओठांवर आलेली गोष्ट तशीच राहत नसे, तिला चाल लागायची. आई धानाच्या रोवणीला गाणी सांगायची, बाप दंडारीत नाचायचा. त्या दोघांचं मिळून त्याला जे आलं होतं, ते त्यानं पोरांच्या कामी लावलं.

*मासोळीच्या काळजाले दोनच खोल्या गा,*
*बेडकाले तीन,*
*मानसाले चार खोल्या, तरी येत नाई*
*त्याले शांत नीन.*
*झुरळाच्या काळजाले तेरा खोल्या गा,*
*तेरा मोजून पाह्य,*
*एवढा मोठा वाडा घिऊन मोरीमंधी*
*जीव लपते काय!*

दूर खेड्यांतून सायकली मारत येणाऱ्या पोरांना पुस्तकातलं चित्र विसरायला व्हायचं, हे विसरायला होत नसे. परीक्षेत झुरळाच्या हृदयाचे कप्पे लिहिताना पोरं ओठ हलवायची.

त्याचं स्वतःचं घरही दोन खोल्यांचं. “आपन मासोळीच्या काळजात राह्यतो,” असं तो बायकोला म्हणायचा.

“हाव ना,” चंदाबाई म्हणायची. “म्हून त पान्याच्या दिवसांत अंदर सारं ओलं राह्यते. छपराचे कवेलू फेरा आता.”

त्या दोन खोल्यांतली आतली खोली भाग्यश्रीच्या अभ्यासाची. पोरगी यंदा बारावीला होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आशाबाईची बकरी अडली होती. जनावरांचा डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेला. भाग्यश्रीनं हात साबणानं धुतले, पिलाचा मुडपलेला पाय चाचपून सरळ केला आणि पिलू बाहेर आलं. ओल्या पिलाला तोंडानं फुंकर घालताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते लच्छूनं पाहिलं. त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट ठरली होती, नागपूरचं जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज.

“पोरगी ढोराची डाक्टर झाली,” चंदाबाई बाजारात मासोळ्या विकताना सांगायची, “त म्या सोता ढोर हून दाखवाले जाईन. मानसाच्या डाक्टरनं त माही कंबर काई बरी केली नाई.”

पण बोरकुटे सर स्पष्ट बोलले होते. तिथं नंबर लागतो तो बारावीच्या मार्कांवर. एकेका मार्कात दहा दहा पोरं उभी असतात. लेखीचं लेखीत, पण प्रात्यक्षिकातला एकही मार्क सांडू द्यायचा नाही.

लच्छूनं आजवर कुणाला बरणी सांगितली नव्हती, आज पोरीलाही सांगितली नाही. फक्त एक केलं. सर म्हणाले, “माशांमधली कोणतीही एक ठेव,” तेव्हा त्याचा हात आपसूक वागूर माशाच्या बरणीवर गेला. भाग्यश्री पाच वर्षांची असल्यापासून आटलेल्या तळ्याच्या चिखलात हात घालून वागूर ओढून काढायची. डोळे बांधले तरी तिनं ओळखला असता. पट्टी लावून बरणी ठेवताना त्यानं ती जराशी उजेडाकडं वळवली. तेवढंच बापपण त्यानं त्या टेबलावर मांडलं.

चिमूर गाडीनं परीक्षक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, “चहा नंतर. आधी बेडूक दाखवा, जिवंत आहेत ना?” लच्छूला त्या तिथंच आवडल्या.

पहिल्या तुकडीत वीस पोरं होती. दर दोन मिनिटांनी लच्छू घंटीवर टोला द्यायचा आणि पोरं एका बरणीवरून पुढच्या बरणीवर सरकायची. भाग्यश्री सातव्या बरणीपुढं आली. तिनं बरणीकडं पाहिलं, मग मान वर करून बापाकडं पाहिलं. लच्छू मिशीतल्या मिशीत हसला. ती हसली नाही. खाली मान घालून तशीच उभी राहिली. टोला पडायला थोडाच अवकाश असताना तिनं घाईघाईनं काहीतरी लिहिलं.

इतका सोपा मासा, मग थांबली काऊन? लच्छूचा हात टोला देताना चुकला, दोन टोले पडले.

पोरं बाहेर ओट्यावर गेली. मॅडम कागद तपासू लागल्या. पहिल्यांदा एकट्याच, मग त्यांनी सरांना बोलावलं.

“गंमत बघा सर. सात नंबरला एकोणीस जणांनी एकच नाव लिहिलंय, हेटेरोन्युस्टिस. एकीनं फक्त क्लेरियस.”

सरांनी सात नंबरची पट्टी सोलली. खाली पिवळं पडलेलं छापील लेबल होतं. चष्मा लावून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. “हेटेरोन्युस्टिस. एकोणीस बरोबर आहेत मॅडम. चुकली ती एकच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आपल्या लच्छूची पोरगी. हुशार आहे हो, आजच कसं काय...”

लच्छू कोपऱ्यात बशा विसळत होता. हातातली बशी तशीच राहिली.

मॅडमनी बरणी उजेडात धरली. औषधाचं पाणी गढूळ झालेलं, मासा वाकून काचेला चिकटलेला. “मला हा क्लेरियसच वाटतो. पाठीवरचा पर लांब दिसतोय.”

“पण लेबल कंपनीचं आहे, छापील. कंपनी चुकते का?”

“तीच तर अडचण आहे,” मॅडम म्हणाल्या. “अंदाजावर एकीला मार्क देऊन एकोणिसांचे कसे कापू? उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे.” त्यांची लेखणी कागदावर थांबली.

लच्छूला इंग्रजी नावातलं काही कळत नव्हतं. त्याला एकच गोष्ट कळत होती. आपली पोरगी बाकी कशातही चुकेल, वागुरात चुकणार नाही. ती चुकली नसेल तर लेबल चुकलं. आणि लेबल...

अठरा वर्षं पोरं त्याला अर्धा सर म्हणत आली होती. नवे शिक्षकसुद्धा म्हणायचे, लच्छूला विचारा. ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एकदा गेलं. त्यानं बशी खाली ठेवली, हात पुसले.

“सर,” तो म्हणाला, “लेबल कंपनीचं हाय. पन खळ माही हाय.”

“कसली खळ?”

“सात वर्स झाले असंन. पान्याच्या दिवसांत हे भिंत पाझरली, दोन बरन्याईचे लेबल गळून खाली पडले. एक वागुराची, एक शिंगीची. कोन्तं कोनाचं, मले इंग्रजी वाचता येते कुठी? तुमाले विचारलं असतं, पन तुमी मासोळीच्या बरनीजवळ येत नाई. मंग म्या अदमास केला.”

“काय अंदाज केला?” मॅडमनी विचारलं.

“वागुराच्या पाठीवरचा पंख लंबा असते. मानंपासून शेपटापावतर. शिंगीचा एवढाचसा, तुऱ्यावानी. अना त्या लेबलावर एक नाव लय लंबं होतं, एक आखूड. मंग लंब्या पंखाले लंबं नाव देल्लं, आखूड पंखाले आखूड. मैद्याची खळ शिजवली अना चिपकवून टाकलं.”

“अरे, पण एकोणीस पोरांनी...” सर म्हणाले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांना आठवलं. बाहेर ओट्यावर बसलेल्या पोरांतला एक जण गुणगुणत होता, ते आतपर्यंत ऐकू येत होतं.

*लंबा पंख, लंबं नाव, आखुडाले आखूड,*
*सायबाची भाषा गा, मापानं कापूड...*

“हेबी म्याच बनवलं,” लच्छू म्हणाला.

“सात वर्षं!” बोरकुटे सर स्टुलावर बसलेच. “सात वर्षं पोरं उलटं लिहून राह्यली, अना मी बरोबरची खूण करून राह्यलो!”

मॅडम हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग चष्मा काढून, मग टेबलाला धरून. “लांब पंखाला लांब नाव! अहो, नावं ठेवणाऱ्यांनाही एवढं सुचलं नसतं.”

लच्छू हसला नाही. तो दाराकडं पाहत होता. दारात भाग्यश्री उभी होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “माह्यावर काय लिहाचं ते लिहा. पन तुमाले दाखवाले पायजे ना? आज बेस्तरवार, बाजाराचा दिस. दहा मिन्टं द्या.”

आणि चाळिशी ओलांडलेला तो माणूस खाकी सदऱ्यानिशी मैदानातून धावत सुटला.

परत आला तेव्हा त्याच्यामागं चंदाबाई होती, डोक्यावर जिवंत मासोळ्यांचं घमेलं घेऊन. नवऱ्याच्या कामाच्या जागी ती अठरा वर्षांत पहिल्यांदा येत होती. दारात तिनं चपला काढल्या, आत आली आणि पांढऱ्या कोटातल्या पोरीला बघून थबकली.

“काय वं भाग्या, हे काय घातलं? मले वाटलं दवाखाना लागला.”

मग तिनं घमेलं टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. “कोन म्हनते का वागूर वागूर नाई म्हून? हा पाह्य मास्तर, हा वागूर. हे शिंगी. याच्यात भांडाचं काय हाय? माहं गिऱ्हाईक तिकडं ताटकळत उभं हाय.”

तिनं ‘हा’ म्हणताना वागुराला बोटानं ढोसलं, आणि त्या पठ्ठ्यानं घमेल्यातून जी उडी मारली ती थेट बोरकुटे सरांच्या पायावर. “विठ्ठला!” म्हणत सर स्टुलावर चढले. मासा फरशीवर नागमोडी सरपटू लागला, टेबलाखाली, कपाटाकडं. खिडकीशी जमलेली पोरं ओरडू लागली. “सर, उतरू नका! तुमच्याकडंच येऊन राह्यला!”

भाग्यश्री पुढं झाली. खाली बसली, सरपटणाऱ्या माशाच्या पुढ्यात हात धरून क्षणभर थांबली आणि डोक्यामागच्या दोन्ही काट्यांखाली बोटं घालून त्याला अलगद उचललं. मासा तिच्या हातात शांत झाला.

मॅडम तिच्या हातांकडं पाहत होत्या.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “हा कोण?”

“क्लेरियस, मॅडम. पाठीवरचा पर लांब आहे, शेपटीपर्यंत. पाण्याबाहेर श्वास घ्यायला कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो.” ती पुस्तकातल्या भाषेत बोलत होती. घमेल्याकडं बघताना भाषा आपोआप घरी आली. “अना हे हेटेरोन्युस्टिस. हिचा पर आखूड. हिचा काटा लागला त दिवसभर आग होते. मले लागला होता, सहा वर्षांची असताना. बाबा हात धरून बसला होता.”

मॅडमनी पुस्तक उघडलं, घमेल्यात पाहिलं, बरणीत पाहिलं. पुस्तक मिटलं.

“बरणी चुकली, सर. मुलगी नाही.” मग भाग्यश्रीला म्हणाल्या, “हे लेबल चुकीचं आहे, हे तुला कधी कळलं?”

“अकरावीत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

भाग्यश्रीनं मासा घमेल्यात सोडला. ओला हात कोटाला पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

“लेबल बाबानं चिकटवलं होतं,” ती म्हणाली.

घमेल्यात मासे तेवढे पाणी हलवत होते.

“मंग आज काऊन लिहिलं वं?” हे लच्छूनंच विचारलं. “सारे लिहून राह्यले तेच लिहाचं होतं. म्याच असं गानं करून ठेवलं, त तुही काय चुकी?”

“बरनीत पानीच हाय ना, बाबा,” भाग्यश्री म्हणाली. “पान्याले खोटं कसं सांगू?”

लच्छूनं खांद्यावरचा फडका काढला आणि आधीच पुसलेली बरणी पुन्हा पुसायला घेतली.

एकोणीस पोरांना मॅडमनी आत बोलावलं. घमेल्याभोवती उभं केलं, दोन्ही मासे नीट बघून दोघांतले फरक लिहायला लावले, त्यावर मार्क दिले. निम्म्यांना चांगले पडले. मराठी नावं कुणाला विचारावी लागली नाहीत. जाताना मॅडम लच्छूला म्हणाल्या, “गाणं बदलू नका, नुसतं उलटं करा. लांब पंखाला आखूड नाव, असं. चालीत बसेल ना?”

“बसवतो, मॅडम.”

“अना मासोळी घिऊन जा म्हना त्याईले,” चंदाबाई घमेलं उचलत म्हणाली. “वागूर हाय, रक्त वाढते.” चिमूर गाडीत मॅडमच्या पिशवीत सागाच्या पानांत गुंडाळलेला वागूर होता, आणि बोरकुटे सर निरोप द्यायला दोन हात लांब उभे होते.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या रिकाम्या प्रयोगशाळेत बाप-लेकीची शाळा भरली. भाग्यश्रीनं लच्छूला इंग्रजी मुळाक्षरं शिकवली. पाटी नव्हती, बरण्या होत्या. सी क्लेरियसचा, एच हेटेरोन्युस्टिसचा, आर राना टायग्रिनाचा. “राना म्हंजे आपला रानातला काय?” “नाई बाबा, राना म्हंजे बेडूक.” “मंग बरोबर. रानातलाच त आनतो म्या.” दोन्ही लेबलं पाण्यानं भिजवून सोडवली आणि ज्याची त्याला लावली. खळ लच्छूचीच. वागुराच्या लेबलाखाली थोडी जागा उरली होती. भाग्यश्रीनं बापाच्या हातात पेन दिलं. त्यानं जीभ दातांत धरून लिहिलं, *वागूर*. शिंगीच्या खाली, *शिंगी*.

नागपूरच्या कॉलेजची यादी लागली. नंबर खाली होता, पण यादीत होता. चंदाबाईनं अख्ख्या बाजारात सांगितलं आणि त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाशी घासाघीस केली नाही. नागपूरच्या गाडीत बसताना भाग्यश्रीच्या पिशवीत सुकवलेल्या झिंग्यांची पुरचुंडी होती. गाडी वळणाआड जाईस्तोवर लच्छू हात वर करून उभा होता. मग म्हणाला, “चला, बेडकाईले पानी बदलाचं हाय,” आणि कॉलेजकडं वळला.

ऑगस्टात पत्र आलं. *बाबा, गाईच्या काळजाले चार खोल्या आणि पोटालेही चार. पोराईले लक्षात राहत नाई. गानं करून पाठव.* लच्छूनं चालता चालता, बरण्या पुसता पुसता जुळवलं.

*गाईच्या काळजाले चार खोल्या गा,*
*पोटालेबी चार,*
*दोन खोल्यांतून निंघाली लेक माही,*
*उघडं ठेवलं दार...*

पुढं काही केल्या बसेना. आतल्या खोलीत जाळी ठेवू का, असं चंदाबाईनं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तिनंच ती बाहेर ठेवली होती. त्यानं तेवढंच पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात अकरावीची नवी पोरं प्रयोगशाळेत आली. लांबच्या खेड्यांतली, बुजलेली, भिंतीला चिकटून उभी. एका पोरीनं बरणीकडं बोट दाखवलं. “भाऊ, हे कोन्ती मासोळी?”

मासा काय, लच्छूनं पाठमोऱ्यानंही सांगितला असता. पण त्यानं बरणी दोन्ही हातांनी खाली उतरवली, उजेडाकडं धरली आणि लेबलावरच्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

“सी,” तो म्हणाला. “एल. ए...”

पोरं थांबून ऐकत होती. बोट सावकाश शेवटपर्यंत गेलं.

“क्लेरियस,” लच्छूनं वाचलं.

दमट हवेनं लेबलाचा एक कोपरा जरा उचलला होता. शाळेत निघालेल्या पोरीच्या कपाळावरची बट मागं सारावी तसा त्यानं तो अंगठ्यानं दाबला, खळ धरेपर्यंत दाबून ठेवला, आणि लेबल पोरांकडं करून बरणी पुन्हा जागेवर ठेवली.